रात्रभर उघडे राहिलेले समुद्रकाठचे ग्रंथालय

आपल्या वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला जागा नसते ही गोष्ट आपल्याला कुणी सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे, त्यात टी.व्ही., त्यात पाहुणे. म्हणून कुणी विहारात बसून अभ्यास करतो, कुणी जिन्यावरच्या दिव्याखाली. रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका जवळपास असेल तर त्या घरातली आई निर्धास्त होते. या वेळी आम्ही आपल्याला अशाच एका रात्रभर उघड्या राहिलेल्या ग्रंथालयाची माहिती देत आहोत. ते आहे सातासमुद्रापलीकडे, तेही ऐन समुद्राच्या काठावर. मात्र आज त्याची हजारो पुस्तके आपल्या खोलीत बसून, एक पैसाही न भरता वाचता येतात. ते कसे, हे शेवटी सांगू. त्याआधी त्या ग्रंथालयात कोण बसले आणि कोणाला काय सोसावे लागले, ते ऐकावे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स हे राज्य आहे. तिथे जमिनीची एक लांब पट्टी हात वाकवल्यासारखी समुद्रात गेली आहे, तिला केप कॉड म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात वुड्स होल नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या मध्यभागी ईल पाँड हे खाऱ्या पाण्याचे तळे, तळ्याच्या तोंडाशी बोटींसाठी उचलला जाणारा पूल, आणि आजूबाजूला प्रयोगशाळा. १८८८ साली येथे 'मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरी' म्हणजे सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. ग्रंथालयही त्याच साली सुरू झाले. पुढे १९३० साली शेजारीच समुद्रविज्ञानाची दुसरी मोठी संस्था उभी राहिली, 'वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशन'. बुडालेले 'टायटॅनिक' जहाज १९८५ साली समुद्राच्या तळाशी सापडले, त्या शोधमोहिमेत हीच संस्था होती. या दोन्ही संस्थांनी वेगवेगळी ग्रंथालये न बांधता एकच ग्रंथालय दोघांत चालवले. श्रीमंत संस्थांनाही वाटून घेण्यातले शहाणपण कळते, हे पाहून बरे वाटते.

ही प्रयोगशाळा उभी राहण्यामागे बायकांचा मोठा हात होता, हे फारसे सांगितले जात नाही. बोस्टन शहरात 'विमेन्स एज्युकेशन असोसिएशन' ही स्त्रियांच्या शिक्षणासाठी काम करणारी संघटना होती. त्या काळी मोठमोठ्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. म्हणून या संघटनेने आधी अ‍ॅनिस्क्वाम या किनाऱ्यावरच्या गावी एक छोटी प्रयोगशाळा चालवण्यासाठी पैसा दिला. त्यातूनच पुढे वुड्स होलची कल्पना निघाली. त्यामुळे इथे पहिल्या दिवसापासून स्त्री-पुरुष एकत्र शिकू लागले.

१८८८ च्या त्या पहिल्या उन्हाळ्यात आलेल्या मंडळींत कॉर्नेलिया क्लॅप नावाच्या एक बाई होत्या. वय एकोणचाळीस, पेशा शिक्षिकेचा. माउंट होल्योक या मुलींच्या शिक्षणसंस्थेत त्या शिकवत. समुद्रात बसकट तोंडाचा, दिसायला बेडकासारखा एक मासा असतो. त्याच्या अंड्यांचा अभ्यास करण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे निष्ठेने केले. पुढे त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १८९३ ते १९०७ अशी चौदा वर्षे या प्रयोगशाळेच्या ग्रंथपाल क्लॅपबाईच होत्या. आज ग्रंथालय ज्या इमारतीत आहे, त्याच इमारतीतल्या व्याख्यानाच्या सभागृहाला त्यांचे नाव दिलेले आहे.

ग्रंथालय वाढले कसे, हेही मजेशीर आहे. प्रयोगशाळा स्वतःचे एक नियतकालिक काढत असे, 'बायोलॉजिकल बुलेटिन'. त्याचे अंक जगभरच्या संस्थांना पाठवायचे आणि त्याबदल्यात त्यांची नियतकालिके मागवायची, अशी पद्धत ठेवली. त्यामुळे फार पैसा न खर्चता युरोपातली, जपानमधली नियतकालिके कपाटात येऊन बसली. १९२५ साली लाल विटांची नवी इमारत उभी राहिली आणि ग्रंथालयाला ऐसपैस जागा मिळाली.

त्याहून महत्त्वाची होती ती वापरण्याची रीत. दार दिवस-रात्र उघडे. पहाटे तीन वाजता प्रयोग करताना अडचण आली तर शास्त्रज्ञाने उठावे, कपाटातून खंड काढावा आणि वाचावा. पाहायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. कपाटांच्या मध्येच लहान लहान टेबले मांडलेली. पुढे 'सायलेंट स्प्रिंग' हे कीटकनाशकांच्या विषाविषयीचे गाजलेले पुस्तक लिहिणाऱ्या रेचल कार्सन १९२९ च्या उन्हाळ्यात बावीस वर्षांच्या असताना येथे आल्या. आयुष्यात समुद्र त्यांनी प्रथम इथेच जवळून पाहिला आणि समुद्राविषयी भरपूर वाचलेही इथेच.

आता या ग्रंथालयातल्या एका पाटीविषयी सांगायला हवे. तिच्यावर इंग्रजीत अशा अर्थाचे शब्द आहेत की अभ्यास निसर्गाचा करा, पुस्तकांचा करू नका. ग्रंथालयात पुस्तके वाचू नका म्हणणारी पाटी! येणारेजाणारे ती पाहून हसतात. ही पाटी लुई अ‍ॅगासी या नामांकित शास्त्रज्ञाच्या शाळेतून आली. १८७३ साली त्याने जवळच्या पेनिकीस बेटावर उन्हाळी शाळा काढली होती. तो त्याच वर्षी वारला. शाळेचा दुसरा उन्हाळा त्याच्या मुलाने चालवला आणि मग ती बंद पडली. क्लॅपबाई त्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे शिकून आल्या होत्या. पाटी पुढे वुड्स होलच्या ग्रंथालयात येऊन लागली.

माशांचा आणि हिमनद्यांचा अभ्यासक म्हणून अ‍ॅगासी मोठा होता, यात शंका नाही. पण हाच माणूस असे मांडत असे की गोरे आणि काळे लोक एका मुळापासून झालेलेच नाहीत, ते वेगवेगळे निर्माण झाले आहेत आणि काळे हीन आहेत. गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांना हे म्हणणे फार आवडे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवायची आणि वर तिला ज्ञानाचा शिक्का मारायचा, हा उद्योग कसा असतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. केम्ब्रिज शहरातल्या एका शाळेला अ‍ॅगासीचे नाव होते. तिथल्या लोकांनी २००२ साली ते काढून टाकले आणि त्याच शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका मारिया बाल्डविन यांचे नाव दिले. बाल्डविनबाई कृष्णवर्णीय होत्या.

अशा परंपरेच्या गावात १९०९ साली एक पंचवीस वर्षांचा काळा तरुण उन्हाळ्यात काम करायला आला. त्याचे नाव अर्नेस्ट एव्हरेट जस्ट.

जस्ट यांचा जन्म १८८३ साली दक्षिणेतल्या चार्ल्स्टन गावचा. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेरी शाळा शिकवी आणि भागत नसे म्हणून फॉस्फेटच्या खाणीत मजुरीला जाई. त्या खाणीभोवती मजुरांची जी वस्ती होती, तिला या माउलीने गावपण आणून दिले आणि त्या गावाला तिच्याच नावावरून मेरीव्हिल म्हणू लागले. अर्नेस्ट लहान असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळला. जीव वाचला, पण वाचायला शिकलेले सारे विसरून गेला. पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागली. हा मुलगा पुढे उत्तरेतल्या डार्टमथ कॉलेजात गेला आणि १९०७ साली उत्तम गुणांनी पदवीधर झाला.

पदवी होती, पण काळ्या माणसाला गोऱ्यांच्या विद्यापीठात नोकरी कोण देणार? वॉशिंग्टनला हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ होते. तिथे ते आधी इंग्रजी शिकवायला लागले आणि मग जीवशास्त्राकडे वळले. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक लिली हे वुड्स होलचे प्रमुख होते. त्यांनी जस्ट यांना साहाय्यक म्हणून बोलावले. त्यानंतर सुमारे वीस उन्हाळे जस्ट तिथे येत राहिले. वर्षभर हॉवर्डमध्ये तासांमागून तास शिकवायचे, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही शिकवायचे, आणि सुट्टीच्या दोन-तीन महिन्यांत समुद्रकाठी येऊन संशोधन करायचे, असा हा संसार होता.

काम काय करत? समुद्रातल्या प्राण्यांची अंडी पाण्यात सोडलेली असतात, ती नाजूक आणि बरीचशी पारदर्शक असतात. एक जीव कसा सुरू होतो, हे तिथे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते. साळिंदरासारख्या काट्यांचा सी-अर्चिन, रुपयासारखा चपटा सँड डॉलर आणि नेरिस नावाचा किडा, हे त्यांचे सोबती. हे नेरिस एरवी वाळूत लपून राहतात. उन्हाळ्यात, चांदणे नसलेल्या रात्री, ते पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि कंदिलाच्या उजेडाभोवती गोळा होऊन गिरक्या घेतात. लिली आणि जस्ट कंदील व जाळे घेऊन ईल पाँडच्या काठी त्यांची वाट पाहत. कोणत्या रात्री किती आले याची नोंद ठेवून त्यांनी १९१३ साली त्यावर लेख छापला. कोळीवाड्यातल्या वाचकांना चंद्र आणि समुद्र यांचे नाते ठाऊकच आहे. त्यांना यात नवल वाटणार नाही.

जस्ट यांचा पहिला लेख त्याआधी १९१२ साली 'बायोलॉजिकल बुलेटिन'मध्ये आला. नेरिसच्या अंड्यात पुरुषबीज पृष्ठभागावरच्या कोणत्याही जागेतून शिरू शकते, आणि ते जिथून शिरते त्यावरून अंडे पहिल्यांदा कुठे दुभंगणार हे ठरते, असे त्यांनी दाखवले. पुढे १९१९ साली त्यांनी सँड डॉलरच्या अंड्यात आणखी एक गोष्ट पाहिली. एक पुरुषबीज आत शिरताच अंड्याच्या पृष्ठभागावरून एक लाट फिरते आणि दुसऱ्याला आत येऊ देत नाही. अंड्याचे रक्षण करणारे आवरण दिसू लागते ते त्यानंतर. त्या काळी सारे शास्त्रज्ञ पेशीच्या केंद्राकडे डोळे लावून बसले होते. पेशीची बाहेरची सालही तितकीच जिवंत आणि कर्ती आहे, हे जस्ट आयुष्यभर सांगत राहिले.

त्यांचा हात असा होता की इतरांचे प्रयोग बिघडले की लोक त्यांच्याकडे येत. भांडे किती स्वच्छ हवे, पाणी किती गार हवे, अंडे कसे उचलावे, हे ते सांगत. गोरे प्राध्यापक त्यांच्याकडून शिकून जात आणि आपापल्या श्रीमंत विद्यापीठांत परत जात. जस्ट मात्र परत हॉवर्डला, तासांच्या ओझ्याखाली. १९१६ साली त्यांनी शिकागोची डॉक्टरेट मिळवली. पन्नासहून अधिक संशोधन लेख लिहिले. पण अमेरिकेतल्या एकाही गोऱ्या विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. ग्रंथालयाचे दार रात्री तीन वाजताही उघडे होते. नोकरीचे दार मात्र भर दुपारीही बंद राहिले.

आमच्या वाचकांना एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एन.ए.ए.सी.पी.' या संघटनेने स्पिंगार्न पदक सुरू केले, आणि पहिलेच पदक १९१५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला जस्ट यांना देण्यात आले. त्या दिवसांत बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९२९ पासून जस्ट युरोपला जाऊ लागले. इटलीत नेपल्सच्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत आणि बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांना बरोबरीच्या नात्याने वागवले गेले. १९३० नंतर वुड्स होलला ते पुन्हा काम करायला आले नाहीत. पण जर्मनीत हिटलर आला तेव्हा तिथेही राहणे अशक्य झाले. ते फ्रान्सला गेले. १९३९ साली त्यांचा मोठा ग्रंथ 'द बायॉलॉजी ऑफ द सेल सर्फेस' प्रसिद्ध झाला. १९४० साली नाझींनी फ्रान्स घेतला तेव्हा त्यांना काही काळ कैदेत ठेवले गेले. सुटून ते अमेरिकेला परतले, पण शरीर आतून पोखरले गेले होते. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. अमेरिकन सरकारने १९९६ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. मरणानंतर पंचावन्न वर्षांनी.

ज्या सी-अर्चिनच्या अंड्यांवर जस्ट राबले, त्याच जातीच्या अंड्यांवर १९८२ च्या उन्हाळ्यात वुड्स होलमध्येच टिम हंट हे इंग्रज शास्त्रज्ञ काम करत होते. पेशी कधी विभागावी हे ठरवण्यात हात असलेले एक प्रथिन त्यांना तिथे सापडले. कर्करोग समजून घेण्यासाठी ते फार उपयोगी ठरले आणि २००१ साली हंट यांना नोबेल मिळाले.

ग्रंथालयात आणखी एक कागद जपून ठेवलेला आहे. दुसरे महायुद्ध संपत होते. जपानमध्ये मिसाकी येथे अशीच एक सागरी प्रयोगशाळा होती, ती लढाईच्या काळात नौदलाने ताब्यात घेतली होती. १९४५ साली अमेरिकन सैनिक येणार असे कळले. काट्सुमा दान हे तिथले शास्त्रज्ञ तरुणपणी वुड्स होलला राहून गेलेले. त्यांनी हाताने इंग्रजीत एक कागद लिहून दारावर लावला. ही साठ वर्षांची जुनी प्रयोगशाळा आहे, तुम्हांपैकी कुणी वुड्स होलचे नाव ऐकले असेल, शस्त्रे खुशाल मोडा पण विद्यार्थ्यांची उपकरणे राहू द्या, आणि काम आटोपले की आम्हाला आमच्या घरी परत येऊ द्या, असा त्याचा आशय. खाली नाव नव्हते, फक्त सर्वांत शेवटी जाणारा माणूस अशी सही होती. प्रयोगशाळा वाचली. तो कागद समुद्र ओलांडून वुड्स होलला आला.

आता सध्याची हालहवाल. पुस्तकांच्या कपाटांचे दिवस तिथेही बदलले. नवी नियतकालिके आता बहुतांशी संगणकावरच येतात. २००६ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दहा ग्रंथालयांनी एकत्र येऊन 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' हा उपक्रम सुरू केला. वुड्स होलचे ग्रंथालय त्या पहिल्या दहांपैकी एक. जुन्या ग्रंथांचे पान न् पान छायाचित्रासारखे उतरवून इंटरनेटवर ठेवायचे, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आजवर सहा कोटींहून अधिक पाने अशी खुली झाली आहेत. कृष्णवर्णीय आणि इतर मागे ठेवलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांना समुद्रविज्ञानात आणण्यासाठी वुड्स होलच्या संस्थांनी मिळून २००९ साली एक उन्हाळी अभ्यासक्रमही सुरू केला. जस्ट यांच्या नावाची संशोधनवृत्ती प्रयोगशाळेने ठेवली. उशिरा का होईना.

दर उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तिथे व्याख्याने होतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनची आहे. सभागृह क्लॅपबाईंच्या नावाचे, प्रवेश सर्वांना मोफत. गावातले कोळी, दुकानदार, सुट्टीवर आलेली कुटुंबेही येऊन बसतात. जून अखेर ते ऑगस्ट हा त्यांचा हंगाम. गेल्या काही वर्षांत व्याख्यानांच्या चित्रफिती इंटरनेटवरही ठेवल्या जातात. त्यांची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची पहाट, पण चित्रफीत रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर पाहिली तरी चालते.

घरात अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे जरूर करून पाहा. मोबाईलवर 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' हे नाव इंग्रजीत टाकावे. तिथे 'बायोलॉजिकल बुलेटिन' शोधावे आणि १९१२ सालचा बाविसावा खंड उघडावा. मजकूर इंग्रजीत आहे आणि सोपा नाही, म्हणून पहिल्या वाचनात दोन परिच्छेद कळले तरी पुरे, शब्दकोश जवळ ठेवावा. जस्ट यांचा लेख पान २३९ वर सुरू होतो.